मामा, हात मागे

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

ताईच्या मुलीसाठी, म्हणजे आमच्या बाईसाहेबांसाठी, आजपासून केंद्रात स्वयंसेवक झालो. बाईसाहेब चोवीस वर्षांच्या. जन्मापासून सगळं सावकाश. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, हसणं मात्र झटपट. अशा मुलामुलींना स्वतःचं स्वतः राहायला शिकवणारं हे केंद्र. समोरच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा एक फ्लॅट आहे. तिथे चार मुली राहतात, देखरेखीच्या बाई सकाळ-संध्याकाळ डोकावून जातात, बाकी सगळं मुलींचं मुली करतात. त्यात एक खोली रिकामी होतेय. महिनाअखेरीला पाहणी. किल्लीने दार उघडायचं, चहा करायचा, रस्ता ओलांडून दुकानातून दूध-ब्रेड आणायचा. जमलं की खोली. दावेदार दोनच, आमच्या बाईसाहेब आणि एक लांब वेणीवाली.

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन या खोलीवर अडलंय. भाऊजी गेल्यापासून घरात या दोघीच. ताई हॉस्पिटलात झोपली तर लेकीजवळ कोण? म्हणून ती लंगडत दिवस काढतेय.

आया मदतनीस म्हणून चालत नाहीत, असा केंद्राचा नियम. आया स्वतःच करून टाकतात म्हणे. मामांबद्दल नियमात काही नव्हतं. शिवाय मी कंपनीच्या ट्रेनिंग खात्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस. केंद्र चालवणाऱ्या मॅडम जरा विचारात पडल्या, पण हो म्हणाल्या.

आणि मग एक गोष्ट बजावली. मदतनिसाने हात मागे बांधून उभं राहायचं. मूल अडलं तरी मनात वीसपर्यंत मोजायचं. तरीही अडलेलंच असेल तर एक शब्द बोलायचा. एकच. की पुन्हा गप्प.

एवढंच? मी मनात हसलो. अर्ध्या तासात माझे हात तीनदा पुढे आले. तिसऱ्यांदा मॅडम दारातून ओरडल्या, "मामा, हात मागे!" सगळा वर्ग खिदळला. तिथे एक मुलगा आहे, तोंड बंद नसतं म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात. तो सुट्टी होईपर्यंत 'मामा, हात मागे' हेच स्टेशन लावून बसला. कानशिलं तापली माझी.

पण दुधाच्या बाटलीचं झाकण हा काही चहाचा भाग नाही, हे माझं मत कायम आहे.

संकल्प: उद्यापासून हात मागे. शंभर टक्के.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हात मागे होते. बराच वेळ होते.

बाईसाहेब गॅसचं बटण उलटं फिरवत होत्या. मी सातपर्यंत पोचलो आणि पुढे राहवेना. वीस हा आकडा मॅडमनी फारसा विचार न करता ठरवला असावा. कंपनीत कोणी इतका वेळ गप्प उभं राहिलं असतं तर आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली असती. मी गॅस पेटवला. मग पातेलं तापलं, आता तापलेलं पातेलं तिला कसं उचलू द्यायचं? भाजलं असतं म्हणजे? ताईला काय तोंड दाखवलं असतं? तेव्हा चहाही मीच गाळला.

याला मदत म्हणत नाहीत. याला 'डेमो' म्हणतात. ट्रेनिंगचा पायाच तो. आधी दाखवा, मग करू द्या. सध्या दाखवण्याचा टप्पा चालू आहे. मॅडम तेव्हा ऑफिसात होत्या, म्हणून त्यांना हे समजावून सांगायचं राहिलं.

घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं. ही म्हणाली, "पण तुम्हाला कुठे चहा येतो?" मी म्हणालो, स्वतःला येणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. ही पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती. एवढं हसण्यासारखं काय होतं?

संकल्प: उद्या सकाळचा आमच्या दोघांचा चहा मी करणार. हिला झोपू देणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

चहा केला नाही. लायटर सापडला नाही. हिचं म्हणणं, तो डोळ्यांसमोर खिळ्याला लटकलेला असतो. डोळ्यांसमोर लटकवलेली वस्तू माणूस शोधत नाही, हे साधं मानसशास्त्र आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रगती थक्क करणारी.

माझा डेमो चालू असताना बाईसाहेबांचं लक्ष काय लागतं! हात मागे बांधतात, दोन्ही पाय जुळवतात आणि माझ्या हातांवरून नजर हलवत नाहीत. कंपनीत इतका चांगला ट्रेनी मला कधी मिळाला नाही. आणि पाठांतर? आज मी दूध ओतायला निघालो तर हळूच म्हणाल्या, "पत्ती." खरंच, चहापत्ती राहिली होती. थोड्या वेळाने "साखर." मग मी कप घ्यायची घाई केली तशी "थांब." सगळं डोक्यात बसलंय. चहा झाला की मला "शाब्बास" म्हणतात आणि पाठीवर थाप मारतात. आज थाप जरा जोरातच होती.

मॅडमनी विचारलं, कसं चाललंय? मी म्हणालो, तिला सगळं येतं. यात खोटं काय आहे?

तरी जिना उतरताना जरा चुकल्यासारखं वाटलं. जेवणाला उशीर झाल्यामुळे असेल.

ताईकडे गेलो होतो. बाईसाहेबांनी गळ्यात एक लाल दोरी घातली आहे. तिला काहीच अडकवलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, किल्ली लागायची आहे. फ्लॅटची किल्ली. दोरी त्यांनी स्वतः दुकानात निवडली, असं ताई सांगत होती आणि सांगताना हसत होती. तिला हसताना खूप दिवसांनी पाहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रस्त्याचा सराव. मॅडमचा नियम, मामा मागे. मी दहा पावलं मागे होतो.

सिग्नलपाशी बाईसाहेब अडल्या. उभ्याच राहिल्या. मला वाटलं, घाबरल्या. मी सरळ रस्त्यात उतरलो, दोन्ही हात पसरून गाड्या अडवल्या आणि ये ये म्हणून ओरडलो. एका मोटारसायकलवाल्याने माझ्या वयाचा विचार न करता जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. एवढ्या गोंगाटात तिथूनच म्हणाल्या, "मामा, लाल आहे."

चालणाऱ्यांचा दिवा खरंच लाल होता. मी फूटपाथवर परत आलो. हिरवा झाल्यावर त्या निघाल्या आणि मी त्यांच्या मागून. मोटारसायकलवाला अजून बघत होता.

रस्ता त्यांना येतो. हे मी शिकवलेलं नाही, एवढं प्रामाणिकपणे नोंदवतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुकान हा कच्चा विषय. दुकानदार "काय देऊ?" विचारतो आणि यांचं वाक्य जुळेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. काल त्या काउंटरपाशी इतका वेळ ताटकळल्या की मला बाहेर घाम फुटला. मागची बाई "चला हो लवकर" म्हणाली. यांनी मान खाली घातली. मला ते बघवलं नाही.

आज निघण्याआधी दुकानदाराला फोन केला. अर्धा लिटर दूध, एक ब्रेड, पिशवीत भरून तयार ठेवा, मुलगी येईल, काही विचारू नका. बाईसाहेब गेल्या, पिशवी घेतली, आल्या. काय रुबाब! मॅडम खिडकीतून बघत होत्या. त्यांनी मान डोलावली.

सिस्टीम लावून देणं हेही ट्रेनिंगच आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम अचानक स्वयंपाकघरात आल्या. माझे हात मागे होते, पण उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. "मामा, बाही कशाने भिजली?" मी म्हणालो, नळ गळतोय. तोंडातून आलं तसं गेलं.

बाईसाहेबांनी नळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या कधी खोटं बोलत नाहीत, त्यामुळे दुसरा खोटं बोलतोय हे त्यांना समजायला वेळ लागतो. आज फार लागला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी प्लंबर बोलावला. प्लंबर म्हणाला, नळ ठणठणीत आहे. मी म्हणालो, नीट बघा. त्याने नीट बघण्यासाठी नळ उघडला. आता गळतोय.

आज चहा करताना बाईसाहेबांनी मला 'साखर' अशी आठवण केली नाही. मला "शाब्बास" पण म्हणाल्या नाहीत.

संकल्प: यापुढे डेमो बंद. उद्यापासून सगळं त्यांच्या हातांनी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नळामुळे स्वयंपाकघर बंद. संकल्प परवावर.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

त्यांच्या हातात पातेलं दिलं. पातेलं जरा कललं. घेतलं काढून. कललेलं पातेलं बघून हात मागे ठेवणारा माणूस दगडाचा असला पाहिजे.

संध्याकाळी ही बाजारात गेली होती, तेवढ्यात घरी चहा करून हिला चकित करायचं ठरवलं. लायटर सापडला (खिळ्याला होता). पाणी, दूध, साखर, सगळं बरोबर. ही आली, एक घोट घेतला आणि म्हणाली, यात चहापत्ती कुठे आहे?

केंद्रात माझा चहा रोज उत्तम होतो. इथल्या गॅसची आच वेगळी असावी. ही म्हणाली, "तिथे कोणीतरी सांगत असेल." हिला काय माहीत? तिथे सांगणारा मीच आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताईकडे. डॉक्टरांनी दहा मार्चची तारीख देऊ केलीय, आज कळवायचं होतं. ताईने फोन हातात धरला, मग खाली ठेवला आणि मला म्हणाली, "जमतंय ना रे तिला? माझ्यापासून लपवू नकोस. तू सांगशील त्यावर मी तारीख घेणार."

मी म्हणालो, डोळे झाकून घे.

तिने घेतली. बाईसाहेब शेजारी बसून आपली दोरी बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, तोंड का असं झालंय? ॲसिडिटी म्हणालो.

संकल्प: उद्या सकाळी मॅडमना सगळं खरं सांगायचं. डेमो, दुकानदार, नळ, सगळं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम मीटिंगमध्ये.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मॅडम मोकळ्या होत्या, पण मूडमध्ये वाटल्या नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. म्हणालो, तिला थोडा आणखी सराव लागेल असं वाटतं. मॅडम म्हणाल्या, सराव तर सगळ्यांनाच लागतो. म्हणजे माझ्याकडून सांगून झालं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

पाहणीला मॅडम, केंद्राचे डॉक्टर आणि भिंतीशी खुर्चीवर ताई. ताईच्या शेजारी मी. आधी वेणीवाली. तिचा चहा पांढराफटक झाला, साखर दोनदा पडली, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचा तिने केला.

मग बाईसाहेब. दाराचं कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं. मी ताईला कोपराने ढोसलं. ॲप्रन घातला, मागची गाठ स्वतः मारली. ओट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आणि हात मागे बांधले.

आम्ही थांबलो. त्याही थांबल्या. ओठ हलत होते, मोजत होत्या. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "पातेलं."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी काही बोलेना, तेव्हा बिचारे उठले. पातेलं घेतलं. "पाणी." पाणी घेतलं. गॅसचं बटण त्यांना समजेना. बाईसाहेब शांत उभ्या. पुरेसं थांबून झाल्यावर म्हणाल्या, "दाबून." डॉक्टर साखरेकडे निघाले तर नुसती मान हलवली आणि "पत्ती." उकळी येईपर्यंत "थांब." एकदाही हात पुढे आले नाहीत. बोटसुद्धा हललं नाही. कप भरला, तशी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

डॉक्टर म्हणाले, हा माझ्या हातचा पहिला चहा. सगळे हसले. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. माझ्या एकट्याच्याच टाळ्या वाजत होत्या, हे जरा उशिरा लक्षात आलं.

मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी तिला जवळ घेऊन विचारलं, तू का नाही केलास गं? ती म्हणाली, "मी नाही करायचा. मी हात मागे. मामा शिकतो." मग मॅडमनी विचारलं, मामाला येतो का आता? तिने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "थोडा थोडा."

महिनाभर ती मला शिकवत होती. केंद्राचे सगळे नियम पाळून, न चिडता, रोज. तिला वाटलं होतं, हेच आपलं काम. मला एकदा जमलं की तिला किल्ली मिळणार.

मॅडम म्हणाल्या, बरं, आता तू कर. सगळा क्रम तिला पाठ होता. पण तापलेलं पातेलं तिने आयुष्यात कधी उचललेलं नव्हतं. मी उचलू दिलं नव्हतं. चिमट्यात पातेलं लटपटलं आणि अर्धा चहा ओट्यावर, थोडा बोटांवर. फार भाजलं नाही, डॉक्टरांनी हात लगेच नळाखाली धरला. ती रडली नाही. आपल्या हाताकडे बघत राहिली. ताई उठली, पण उभी राहू शकली नाही, परत बसली.

दुकानाची वेळ आली तेव्हा मॅडमनी पलीकडचं दुसरं दुकान सांगितलं. ती गेली, रस्ता नीट ओलांडला, बराच वेळ काउंटरपाशी उभी राहिली आणि हात हलवत परत आली. म्हणाली, "पिशवी नव्हती." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशी पाहिली.

खोली वेणीवालीला मिळाली. आमच्या पोरीने गळ्यातली दोरी काढली, घडी केली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. ॲप्रन खुंटीला अडकवला. दोरी त्यातच राहिली. वेणीवालीला जाऊन "शाब्बास" म्हणाली.

मला लाज वाटते. ॲसिडिटी नाही. लाज.

१ मार्च, शनिवार

शांतपणे विचार केला. एक, चिमटा ढिला होता. दोन, डॉक्टरांनी उठायलाच नको होतं. तीन,

तीन काही सुचलं नाही. आणि पहिले दोनही खोटे आहेत.

३ मार्च, सोमवार

ताईने ऑपरेशन रद्द केलं. मी तिच्याकडे गेलो, काय बोलायचं ते वाटेत पाठ करून गेलो होतो. दारातच तिने सांगितलं, "जाऊ दे रे, गुडघा काय कुठे पळून जातोय? आणि त्याला पळता तरी कुठे येतं!" स्वतःच हसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पाठ केलेलं सगळं विसरून पाणी पिऊन आलो.

मॅडमनी मला मदतनीस म्हणून काढलं. शब्द सौम्य होते. म्हणाल्या, मामा, तुम्ही आता कुंड्यांना पाणी घाला, रोपांना तुमचे हात चालतील. मी दोन तास एकाच कुंडीला पाणी घातलं, असं रेडिओने नंतर सगळ्यांना सांगितलं.

८ मार्च, शनिवार

तोडगा सापडला! सोपा होता, आधीच सुचायला हवा होता. ताईने ऑपरेशन करून घ्यावं, तोवर तिच्या लेकीने आमच्याकडे राहावं. ही तर आनंदाने तयार. मी ताबडतोब जाऊन सांगितलं. पोरीला म्हणालो, तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही.

ती म्हणाली, "मामाकडे नको." ताई रागावली, तेव्हा तिने समजावून सांगितलं, "मामा सगळं करतो. मग मला काय?"

मी म्हणालो, असू दे, असू दे, आणि चपला घातल्या. एक उलटी घातली होती हे चौकात समजलं.

१७ मार्च, सोमवार

तिला नव्या मदतनीस बाई दिल्यात. निवृत्त नर्स. मी कुंड्यांपाशी असताना खिडकीतून पाहिलं. पाहायचं म्हणून नाही, खिडकी तिथेच आहे. या बाई सबंध वेळ लोकर विणत बसतात! मान वर नाही. पोरगी बटण उलटं फिरवतेय, पाणी सांडतंय, आणि यांच्या सुया टकटक टकटक. याला काय शिकवणं म्हणायचं? मॅडमच्या कानावर घालणार होतो. मग माझ्या ओल्या बाहीची आठवण झाली आणि पुढच्या कुंडीकडे गेलो.

२८ मार्च, शुक्रवार

स्वेटरची दुसरी बाही पुरी झाली. तिचा चहापण.

पातेलं दोन्ही हातांनी, चिमटा घट्ट, श्वास रोखून. एक थेंब सांडला, तो तिने पुसला. नर्सबाईंनी मान वर केली, "बरा आहे" म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. रेडिओने सगळ्या वर्गाला बातमी दिली. मी खिडकीबाहेर होतो. हातात झारी होती म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

मला कप आला नाही. तिने पाहिलंच नाही मी तिथे आहे. हे बरंच झालं.

७ एप्रिल, सोमवार

फ्लॅटमध्ये जागा नाही, ती पुन्हा कधी होईल सांगता येत नाही. म्हणून मॅडमनी वेगळा मार्ग काढला. ताई ऑपरेशनला जाईल, आणि ती स्वतःच्याच घरी एकटी राहील. देखरेखीच्या बाई फ्लॅटसारख्याच सकाळ-संध्याकाळ डोकावतील. किल्ली तिची.

जास्तीची एक किल्ली माझ्याकडे, कारण मी दोन गल्ल्या सोडून पलीकडे, मोठा रस्ता ओलांडला की. मॅडम ती देताना म्हणाल्या, "ही अडचणीसाठी आहे. मामा, अडचण कोणाची ते आधी ठरवायचं." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

खुंटीवरच्या ॲप्रनमध्ये दोरी होती तशीच होती. तिने ती घातली. आता दोरीला किल्ली आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

ताईचं ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "ती काय करतेय?" मी म्हणालो, माहीत नाही. ताई म्हणाली, "तू नाही गेलास?" आणि माझा हात धरला. मी मनापासून चार शब्द बोलणार होतो, पण नर्स बीपी घ्यायला आली.

संकल्प: तिने बोलावल्याशिवाय तिकडे जाणार नाही.

२६ एप्रिल, शनिवार. दुपार

गेलो होतो. आईची खुशाली सांगायला, दुसरं काही नाही. फोनवर ती सांगता आली असती, हे मान्य.

बेल वाजवली. आतून "आले" असं ऐकू आलं. मग पावलं. मग किल्लीची खुडबुड. ती आतून कुलूप लावते, तसं शिकवलंय तिला. खुडबुड चालूच. किल्ली लागत नव्हती. पुन्हा खुडबुड. मी हात मागे बांधले. मोजायला लागलो. अकरापर्यंत आलो, हे माझं आजवरचं सर्वांत पुढचं. पण आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि माझा हात खिशात गेला. बाहेरून किल्ली घातली आणि फिरवायला लागलो. फिरेना. जोर लावला. आतून तीही जोर लावत होती. दोघंही अडलो.

मग आतून तिचा आवाज आला, अगदी शांत. "मामा, किल्ली काढ."

माझी किल्ली बाहेरून आत होती, म्हणून तिची फिरत नव्हती. काढली.

"हात मागे."

बांधले. कुलूप एका झटक्यात उघडलं. ती दारात उभी, गळ्यात दोरी, दोरीला किल्ली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझे हात खरंच मागे आहेत ना हे वाकून तपासलं आणि म्हणाली, "शाब्बास."

मग तळहात पुढे केला. मी न समजल्यासारखं केलं. तिने हात तसाच ठेवला आणि थांबली. मला माहीत होतं, ती वीसपर्यंत मोजतेय. मग एकच शब्द म्हणाली. "किल्ली."

दिली. तिने तीही दोरीत ओवली. आईची खुशाली ऐकून घेतली, "बरं" म्हणाली आणि सांगितलं, "आता जा. मला कपडे वाळत घालायचेत." जमिनीवर पडलं होतं ते चिमट्यांचं डबडं.

घरी आलो. दारापाशी खिसे चाचपले तेव्हा कळलं. मी तिला जुडगाच दिला. त्यात आमच्या घराची किल्ली होती. ही बहिणीकडे गेलीय, संध्याकाळी येईल. जिन्याच्या पायरीवर बसलोय. पिशवीत ही वही आहे एवढं नशीब.

संध्याकाळपर्यंत इथेच बसणार होतो. परत तिच्या दारात जायला तोंड कुठे आहे? पण शेजाऱ्यांनी दोनदा विचारून झालं. शेवटी फोन लावला. ती "मामा, काय?" म्हणाली. मी भाषण तयार केलं होतं. प्रत्यक्षात एवढंच निघालं, "किल्ली."

ती म्हणाली, "थांब. आणते."

मी म्हणालो, नको, मी येतो, मोठा रस्ता आहे, दुपारची गर्दी आहे. तिने फोन ठेवला होता.

जिन्याच्या खिडकीतून सिग्नल दिसतो. आत्ता पलीकडे लाल दोरी दिसली. चालणाऱ्यांचा दिवा लाल आहे. ती थांबलीय. तिच्या शेजारचा एक गृहस्थ बॅग छातीशी धरून तसाच धावत सुटला, सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. ती हलली नाही. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल. नाही मारत.

हिरवा झाला. ती निघाली, तिच्या चालीने. मध्यावर आली.

एका हाताने लिहितोय. दुसरा मागे आहे.